उजव्या खांद्यावरचा पदर

या अंकाच्या संपादकबाईंनी मला आयटीआयमधल्या एकतीस वर्षांवर लिहायला सांगितलं होतं. शिवणकाम शिकवणाऱ्या बाईच्या आठवणी म्हणजे मुली, मशिनी, परीक्षा आणि बदल्या, असं त्यांनी धरलं असावं. ते सगळं झालंच, पण त्यात मला आता नवल वाटत नाही. एकतीस वर्षं मुलींना काजं करायला शिकवली, त्यातल्या बऱ्याच जणी आज माझ्यापेक्षा सुबक काजं करतात, विषय संपला. मला लिहायचंय ते निवृत्तीनंतरच्या चार महिन्यांबद्दल. त्या चार महिन्यांत मी इंटर्न होते. एकसष्टाव्या वर्षी.

हसायचं असेल तर हसून घ्या, माझा मुलगाही हसला. तो इथेच नागपुरात, मिहानमध्ये एका कंपनीत आहे, त्याच्या हाताखाली तीन इंटर्न आहेत. "आई, इंटर्न म्हणजे कोण ते माहीत आहे का तुला?" त्याने विचारलं. "ज्याला काही येत नाही आणि ज्याला कोणी काही सांगत नाही, तो." मी म्हटलं, मग मला जमेल.

झालं होतं असं. सिव्हिल लाइन्समध्ये एका संस्थेकडे जुन्या फिल्मांचा छोटा संग्रह आहे. नागपुरातल्या एका कधीच्याच बंद पडलेल्या कापडगिरणीच्या गोदामात पत्र्याचे बावीस डबे निघाले आणि ते या संग्रहात आले. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर शाईने लिहिलेलं, 'मालाची रीळ'. उघडून पाहिलं तर आत बायका. साड्या नेसून येतात, थांबतात, गोल फिरतात, जातात. महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या फॅशनच्या फिल्मा होत्या त्या. त्या पाहून त्यांची नीट नोंद करायला कोणीतरी हवं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, कापडाची जाण असल्यास उत्तम, वयाची अट नाही. फॅशन डिझाइनच्या कॉलेजातल्या मुली येतील असा त्यांचा हिशेब होता. मनीषनगरहून रिक्षाने मी जाऊन थडकले.

संग्रह सांभाळणारी अनघा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. पुण्याकडची, बारीक चणीची, बोलताना चष्मा कपाळावर ढकलायची. तिने मुलाखतीत मला एका बाईचं पाठमोरं चित्र दाखवलं आणि विचारलं, यावरून काय सांगता येईल. मी म्हटलं, "ब्लाउज हिचा नाही. पाठीत तीन टाचण्या लावून आवळलाय." अनघाने चष्मा खाली घेतला, चित्र जवळ नेलं, बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "काकू, सोमवारपासून येता का?" तेव्हापासून ती मला काकू म्हणे आणि मी तिला मॅडम. साहेब म्हणजे साहेब, वय काही का असेना.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण मलाही आधी माहीत नव्हतं. युद्धाच्या काळात कापडावर कंट्रोल होता. रेशनवर मिळेल ते जाडंभरडं नेसायचं, रंग-नक्षी विचारायची नाही. कंट्रोल उठल्यावर गिरण्यांनी छपाईची यंत्रं पुन्हा जोरात चालवली, पण बायकांना कळायला तर हवं की आता दुकानात फुलाफुलांचं कापड आलंय. म्हणून या दोन-तीन मिनिटांच्या रिळा. टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायच्या, प्रदर्शनांत दाखवायच्या. गोष्ट नाही, गाणं नाही, बहुतेकांना आवाजसुद्धा नाही.

आपण काय करायचं, तर आधी रीळ साफ करून, चक्रीवर गुंडाळून स्कॅनिंगला पाठवायची. ती कॉम्प्युटरवर आली की सेकंदासेकंदाने पाहायची आणि लिहायचं. कोण आलं, काय नेसलंय, काय करतं, कधी गेलं. तीन मिनिटांच्या रिळेला मला पहिल्यांदा दोन दिवस लागले. मग शेवटी अंदाज करायचा की ही कोणत्या सालची असावी. ही शेवटची गोष्ट मला फार आवडे. साडी काही सांगत नाही, साडी पाच-सहा वारांचं सरळ कापड आहे. वर्ष सांगतो तो ब्लाउज. बाही दंडावर कुठे थांबते, फुगा आहे की नाही, गळ्याला पट्टी की पायपिंग, हुकं पुढे की मागे, कंबरेला कापड किती सोडलंय. कंट्रोलच्या सवयीने आधीच्या ब्लाउजांना आत दाबायला कापड ठेवतच नसत. मग हळूहळू शिलाईत मोकळेपणा येतो. एका शिंप्याचा हात तर मी ओळखायला लागले होते, डाव्या बाहीचा घेर तो नेहमी किंचित जास्त धरे. बिचारा कधीचाच गेला असेल आणि मी इकडे त्याचे मार्क कापून राहिले होते.

आणि तो टाचण्यांचा ब्लाउज. तो मला तीन वेगवेगळ्या रिळांत सापडला, तीन वेगवेगळ्या बायकांच्या अंगावर. एकीला सैल, एकीला तंग, एकीला बरोबर. म्हणजे गिरणीने साड्यांवर पैसा ओतला आणि ब्लाउज एकच शिवला. मी हे अनघाला दाखवलं तेव्हा आम्ही दोघी खुर्चीत मागे रेलून हसलो. मी घरी जाऊन मुलालाही सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू डिटेक्टिव्ह झाली आहेस." मला ते आवडलं. फार आवडलं, आणि खरी गडबड तिथेच झाली.

डोक्यात प्रश्न मात्र भरून राहिले होते. या बायका कोण? त्या काळी नागपुरात कोणत्या घरची बाई कॅमेऱ्यापुढे गोल फिरायला तयार झाली असेल? सगळ्या खाली का बघतात? (खडूच्या खुणा होत्या जमिनीवर, त्या नंतर एका रिळेत दिसल्या.) पाचवारी नेसून चालताना यांतल्या काही जणी एवढ्या लांब टांगा का टाकतात? हे मला चालण्यावरून कळलं, की त्या नऊवारीच्या बायका आहेत. ज्या बाईला जन्मभर काष्ट्याची सवय, तिला पाचवारीत पाऊल आखडतं घ्यायचं सुचत नाही, मग निऱ्या पायात येतात आणि ती हाताने सावरत राहते. म्हणजे या पैशाने आणलेल्या मुंबईच्या बाया नव्हेत. या इथल्याच, कामकरी घरच्या. हे कळलं त्या दिवशी मी डबा खायचा विसरले.

अनघाने मग पेपरात चार ओळी दिल्या. गिरणीत काम केलेल्या किंवा त्याबद्दल माहिती असलेल्या लोकांनी यावं, ओळख पटवायला मदत करावी. पहिले आले ते गिरणीच्या दुकानात चाळीस वर्षं कापड फाडलेले, नव्वदी ओलांडलेले एक आजोबा. कॉम्प्युटरवर रीळ लावली की ते डोळे मिचकावत म्हणत, "हा वेलाचा छाप. हा लय खपला. हा पडून राहिला, याचे आम्ही शेवटी उशांचे अभ्रे विकले." बावीस रिळांतले निम्मे छाप त्यांनी ओळखले. मी विचारलं, "आणि ही बाई?" ते म्हणाले, "कोण बाई?" त्यांना बाई दिसलीच नव्हती. मी घरी हे सांगून खूप हसले. तेव्हा मला स्वतःचा काही संशय आला नाही.

आता नऊ नंबरच्या रिळेकडे येते.

ही कच्ची रीळ होती, कापाकापी न झालेली. बाकीच्यांच्या सुरुवातीला गिरणीच्या नावाची पाटी असे, हिला तीही नव्हती. एकच बाई, अडीच मिनिटं, तीच साडी. येते, फिरते, कोणीतरी पुन्हा फिरायला सांगत असावं, पुन्हा फिरते. या बाईच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी होती. ते मी लिहिलं. पण मला चढली ती दुसऱ्याच गोष्टीची नशा. हिचा पदर उजव्या खांद्यावर होता.

उजव्या खांद्यावर पदर घेणारे लोक आपल्याकडे आहेतच, गुजराती, मारवाडी. पण त्यांचा पदर मागून पुढे येतो. हिचा पुढून मागे जात होता, आपल्यासारखाच, फक्त खांदा दुसरा. निऱ्याही दुसऱ्या बाजूला वळवलेल्या. मी चार दिवस त्यावर विचार केला. मग दोन पानं लिहून काढली. सार असं, की गिरणीला मध्य प्रांतातल्या व्यापारी घरांतलं गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून तिने मराठी आणि गुजराती नेसण मिसळून एक नवीन पद्धत काढून पाहिली. तिला मी नावही दिलं, 'मिश्र पदर'. अनघाने वाचलं आणि म्हणाली, "काकू, हे तर परिषदेत वाचण्यासारखं आहे." मी त्या दिवशी रिक्षा न करता चालतच घरी निघाले, अर्ध्या रस्त्यात गुडघे बोलायला लागले तेव्हा थांबले.

त्याच आठवड्यात सुशीलाबाई आल्या.

खापरखेड्याहून दोन बसा बदलून आल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, पांढरं स्वच्छ लुगडं, गळ्यात काही नाही. बरोबर सून होती, प्रतिभा. सुशीलाबाईंचा मुलगा तिथल्या वीजकेंद्रात कामाला, त्यामुळे वसाहतीत क्वार्टर. पेपर सुनेनेच वाचून दाखवला होता.

"गिरणीतल्या बायांले बलावून राहिले म्हणे तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी नाही केलं गिरणीत. माह्या मायनं केलं. रिळावर होती ते, सुताच्या. पार्वता नाव."

अनघा त्या दिवशी बाहेर होती. मी वही उघडली. "फोटो आहे का आईचा?"

"फोटो राहिला असता त मी इथं काहून आली असती?"

बरोबर होतं. मी लिहायला लागले. आई गेली तेव्हा या पाच वर्षांच्या होत्या. "दीक्षेच्या दोन वर्स आधी गेली," त्या म्हणाल्या. "बाबासाहेबांले पाहाचं होतं तिले, राहूनच गेलं." आईचा चेहरा आठवत नाही. हात आठवतो, घास भरवणारा, पण तोंड नाही. वाढवलं मावशीने. ती मावशी सांगे, तुह्या मायले गिरणीनं सिनेमात घेतलं होतं. "आमी पोरं हसो. म्हणो, मावशी फेकून राहिली. मंग हे आता पेपरात आलं."

"काही खूण?"

"डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. मशीनच्या पट्ट्यात गेली."

अर्धी करंगळी. मी नऊ नंबरची पानं काढली आणि माझंच अक्षर वाचलं, 'उजव्या हाताची'. पुन्हा विचारलं, "डावी? नक्की? लहानपणचं आहे, उलटसुलट होऊ शकतं."

"मी नाही, मावशी सांगे. तिनंच त बांधली होती ते करंगळी, चिंधी फाडून. डावीच."

मी वही मिटली. खरं सांगते, मला तेव्हा वाईटही वाटलं आणि आपण किती काटेकोर आहोत याचं बरंही वाटलं. म्हटलं, "सुशीलाबाई, तशी एक बाई आहे आमच्याकडे, पण तिची उजवी करंगळी तुटलेली आहे. ती तुमची आई नाही."

त्यांनी टेबलावरच्या मिटलेल्या वहीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "एक डाव पाहू द्या नं. नसन त नसन."

आणि मी नियम सांगितला. नोंद पूर्ण झाल्याशिवाय बाहेरच्यांना रीळ दाखवायची नाही, असा नियम होता खरा. पण कापडवाल्या आजोबांना आम्ही दाखवल्याच होत्या की. ओळख पटवायला आलेल्यांना दाखवत होतो. मी मात्र ओळख आधीच ठरवून बसले होते, माझ्या लेखी पटवायला काही उरलं नव्हतं.

"माह्या डोळ्याचा भरोसा नाही," त्या उठताना म्हणाल्या. "काचबिंदू हाये. एक त गेल्यातच जमा हाये, दुसरा हाये म्हणून आली."

"सगळ्या रिळा झाल्या की कळवीन," मी म्हटलं आणि पत्ता लिहून घेतला. प्रतिभाने त्यांचा हात धरला आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या. मी पुन्हा माझ्या मिश्र पदराकडे वळले.

इंटर्नशिपचे शेवटचे दहा दिवस राहिले होते. संग्रहाच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन भरवायचं होतं, त्यासाठी अनघाने काही चित्रं मोठी करून छापून आणली. अर्थात मिश्र पदराचंही होतं, दोन हात रुंद. मी खाली लावायची ओळ लिहिण्यासाठी पेन घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. एवढं मोठं चित्र मी पहिल्यांदाच पाहत होते. कडेला अर्धा माणूस आला होता, उजेड बाईवर पडावा म्हणून चकचकीत पत्रा धरून उभा असलेला. कॉम्प्युटरवर तो कधी नजरेत भरला नव्हता, बाईपुढे कोण बघतो त्याला. आता तो हातभर उंच समोर होता आणि माझी नजर सवयीने त्याच्या सदऱ्याच्या पट्टीवर गेली.

काजं उजव्या पट्टीवर होती.

पुरुषांच्या सदऱ्याची काजं डाव्या पट्टीवर असतात आणि बटणं उजव्या. बायकांच्या कपड्यांत याच्या उलट. पहिल्या महिन्यात शिकवायची गोष्ट आहे ही, आणि दर वर्षी दोन-तीन मुली चुकतातच. माझा पहिला विचार असा, की याचा शिंपी कोण गाढव होता. मग दिसलं की खिसाही उजव्या छातीवर आहे. एवढा गाढव शिंपी नसतो. मी बाईकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं, पुन्हा खिशाकडे पाहिलं. मग मी जमिनीवरच बसले, कारण खुर्ची लांब होती.

पदर उलट नव्हता. रीळ उलटी होती. आरशात दिसावी तशी, डावं ते उजवं.

अनघाने डबा काढला, फिल्म उजेडाच्या टेबलावर धरली. फिल्मच्या काठावर बनवणाऱ्याची बारीक अक्षरं असतात, ती सुलट दिसतील अशी धरली की पदर डाव्या खांद्यावर. "पण हे झालं कसं?" ती म्हणाली. "मशीन गुंडाळीच्या बाजूप्रमाणे लावतात. गुंडाळी उलटी असेल तरच..." आणि ती थांबली. मलाही तेव्हाच आठवलं.

फिल्मला दोन बाजू असतात. एक चकचकीत, एक मंद. चित्र मंद बाजूला असतं आणि इथला नियम, मंद बाजू आत ठेवून गुंडाळायचं. मी पहिल्या दिवशी गुंडाळायला बसले तेव्हा मला कोणी काही सांगायच्या आधीच माझे हात सुरू झाले होते. शिंपी कापड कसं ठेवतो? सुलट, चकचकीत बाजू आत, उलटी बाहेर. खडूच्या खुणा उलट्या बाजूला करायच्या, सुलट बाजूला डाग लागू द्यायचा नाही. एकतीस वर्षं हजार मुलींना मी हेच ओरडून शिकवलं, सुलट आत, सुलट आत. तशीच मी फिल्म गुंडाळली. अनघाने ते पाहिलं आणि दुसऱ्या रिळेपासून दुरुस्त केलं. पहिली डब्यात जाऊन झाकण लागलं होतं. ती नऊ नंबरची, हाताला आधी तोच डबा लागला होता. पाटी नव्हती तिला, चित्रात कुठे अक्षरं नव्हती, नाहीतर पहिल्याच सेकंदाला उलटं नाव दिसलं असतं. भोकंही दोन्ही काठांना होती, त्यामुळे मशीनने कुरकुर केली नाही.

म्हणजे उलटी गुंडाळली मी, त्या उलट्यावर दोन पानांचं शास्त्र लिहिलं मी, आणि त्या शास्त्राच्या जोरावर एका बाईला तिची आई तिची नाही असं सांगितलं तेही मीच.

अनघाने एक कळ दाबली आणि पडद्यावरची बाई सुलट झाली. डावा खांदा, डावी करंगळी. माझी दोन पानं मी तिथेच फाडली. अनघा म्हणाली, "राहू द्या काकू, अशा चुकीचीही नोंद ठेवतात." मी म्हटलं, "मॅडम, चुकीची नोंद करू. आधी खापरखेड्याला जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने निघालो. अनघा वाटेत मला समजावत होती की अर्धी करंगळी म्हणजे पुरावा नव्हे. गिरणीत आणखी कोणाची तुटली असेल. नोंदीत 'बहुधा' लिहावं लागेल. मला ते पटत होतं, पण मी ऐकत नव्हते. मी मनात एवढंच मोजत होते की त्या येऊन गेल्याला किती आठवडे झाले. बाहेर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा मी लिहून घेतलेला पत्ता पुन्हा काढून वाचला.

दार प्रतिभाने उघडलं. सुशीलाबाई पलंगावर बसल्या होत्या, तोंड दाराकडे, नजर भलतीकडे. मला ते उंबऱ्यातच समजलं. प्रतिभा हळू आवाजात म्हणाली, मागच्या महिन्यात एकाएकी डोळा दुखला, दवाखान्यात नेलं, पण आता उजेड-अंधार एवढंच कळतं. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर.

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. सुलट-उलट, गुंडाळी, सदऱ्याचा खिसा, काही लपवलं नाही. मुलींना चुकीबद्दल झापणं सोपं असतं. स्वतःची चूक सांगताना मला दोनदा मागे जाऊन पुन्हा सांगावं लागलं.

"तवा दाखवलं असतं त दिसलं असतं मले," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. त्या रागाने बोलल्या नव्हत्या, पण त्यांनी सोडूनही दिलं नव्हतं.

"तेच हाये नं पण? माही माय?"

अनघा पुढे झाली. "आजी, कागदावर आम्ही 'बहुधा' लिहिलंय."

"बहुधा त बहुधा. लावा."

प्रतिभाने टीव्हीवरचं कापड काढलं, अनघाने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर ती बाई आली. सुशीलाबाईंनी उजेडाच्या दिशेने मान वळवली. "सांगा," त्या मला म्हणाल्या.

हे तर माझंच काम. चार महिने मी हेच करत होते. मी सुरू केलं, "डावीकडून येते. साडी छापील, काठ चार बोटं, बारीक वेल. निऱ्या सहा. ब्लाउजची बाही कोपराच्या वर, गळा गोल..."

"लुगडं राहू द्या," सुशीलाबाई म्हणाल्या. "ते गिरणीचं होतं, दिवस मावळता उतरवून घेतलं, मावशी सांगे. माही माय सांगा."

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे काही नव्हतं. ही रीळ मी चाळीस वेळा पाहिली असेल. निऱ्या पाठ होत्या, काठ पाठ होता, पत्रेवाल्याचा खिसासुद्धा पाठ होता. या बाईचा चेहरा मला डोळे मिटून आठवत नव्हता. 'कोण बाई?' असं विचारणाऱ्या त्या कापडवाल्या आजोबांना मी हसले होते.

"थांबा," मी म्हटलं. "पुन्हा लाव अनघा." मॅडम म्हणायचं राहून गेलं. मी स्टूल ओढून टीव्हीजवळ नेलं आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"सावळी आहे," मी म्हटलं. "तोंड लांबट. कपाळ मोठं, तुमच्यासारखं. कानही तुमच्यासारखे, बाहेर आलेले. नाक नाही तुमचं, बसकं आहे."

"भावाचं होतं तसं. गेला तो." त्यांचा हात आपल्या कानावर गेला होता. "हसून राहिली काय?"

खोटं सांगता आलं असतं. "नाही. वैतागली आहे. पुन्हा फिर म्हणताहेत तिला कोणी. ओठ हलताहेत, काहीतरी बोलली त्यांना. चांगलं नाही बोलली."

सुशीलाबाई खुदकन हसल्या. "मावशी म्हणे, तुही माय लय तिखट होती." मग म्हणाल्या, "दिसते केवढी ते? वय?"

मी पाहिलं. गालावरची कातडी पाहिली, मनगटं पाहिली. वर्ष सांगणं मला जमतं, पण या वेळी ब्लाउजवरून नाही सांगायचं होतं. "वीस," मी म्हटलं. "फार तर बावीस. प्रतिभापेक्षा पुष्कळ लहान."

टीव्हीवर ती पुन्हा फिरली, निऱ्यांत पाय अडकला, सावरली, पुन्हा उभी राहिली. सुशीलाबाईंचं तोंड त्या उजेडाकडेच होतं.

"पोरगीच हाये वं ते," त्या सुनेला म्हणाल्या. "बंद कर आता. थकली असन, बसू दे तिले."